डॅलसला घर घेताना शाळेचं रेटिंग किती मनावर घ्यायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. न्यू जर्सीतून या उन्हाळ्यात डॅलसच्या उत्तरेला शिफ्ट व्हायचंय, लेक चौथी संपवतेय, धाकटा १२ सप्टेंबरला पाच वर्षांचा होईल. दोन घरं आवडलीयत. एक फ्रिस्को आयएसडीमध्ये (आयएसडी म्हणजे त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणारा डिस्ट्रिक्ट), तिथल्या प्राथमिक शाळेला १० पैकी ९ रेटिंग, पण घर १ लाख १० हजार डॉलरने महाग आणि तुमच्या मिस्टरांचं ऑफिस लास कोलिनासला, म्हणजे जायला ५० मिनिटं. दुसरं लुइसव्हिल आयएसडीमध्ये, शाळेला ६, ऑफिस २० मिनिटांवर. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "मुलांसाठी महागडं घर घ्यावंच लागेल ना?"

मी टेक्सासमधल्या पब्लिक शाळांत २१ वर्षं आहे. पहिली १३ वर्षं मिडल स्कूलला गणित शिकवलं, नंतरपासून डिस्ट्रिक्टच्या एनरोलमेंट ऑफिसात आहे, त्यामुळे घर घेऊन आलेले आणि घर घ्यायच्या आधी घाबरून फोन करणारे, दोन्ही प्रकारचे आईवडील रोज भेटतात. माझं उत्तर, घ्यावंच लागेल असं अजिबात नाही. फक्त ९ आणि ६ बघून ठरवत असाल तर थांबा, कारण त्या आकड्यात तुम्हाला वाटतंय ती गोष्ट फार थोडी असते.

ते रेटिंग झिलो, रेडफिन अशा घरांच्या जाहिरातींच्या साइटवर फोटोखाली दिसतं, येतं मात्र शाळांना रेटिंग देणाऱ्या ग्रेटस्कूल्स या संस्थेकडून. त्यात मोठा वाटा राज्याच्या परीक्षेचा, म्हणजे टेक्सासमध्ये स्टार टेस्टचा. थोडा भाग मुलांची वर्षभरात प्रगती किती झाली याचा असतो, हायस्कूल असेल तर कॉलेजच्या तयारीचा. आता परीक्षेतले मार्क कशावर ठरतात? स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टचे निकाल एकत्र करून बघितलं, तर सरासरी मार्क आणि तिथल्या कुटुंबांची आर्थिक-शैक्षणिक परिस्थिती जवळजवळ हातात हात घालून चालतात, पण मुलं दरवर्षी किती शिकतात याचा श्रीमंतीशी संबंध खूपच कमी निघाला. त्यांचं शिकागोचं उदाहरण मी प्रत्येक पालकाला सांगते. शिकागोतली बहुसंख्य मुलं गरीब घरातली, तिसरीचे मार्क देशाच्या सरासरीच्या बरेच खाली, पण २००९ ते २०१४ च्या आकड्यांत तीच मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांएवढं शिकलेली दिसली. रेटिंग लावलं तर त्यातल्या कित्येक शाळा तुम्ही नकाशावरून पुसूनच टाकाल.

माझ्या स्वतःच्या वर्गाचं सांगते. एका वर्षी मी ज्या शाळेत होते तिथे सहावीच्या गणिताच्या एका तासाला २६ मुलं होती, आणि अपूर्णांकांचा भागाकार सुरू करायच्या दिवशी मी विचारलं की हे कोणी आधी केलंय, तर १७ हात वर. सगळे बाहेरच्या क्लासला जाणारे. शाळेचे मार्क त्या वर्षी झकास आले, रेटिंग वाढलं, आणि मला मनापासून माहीत होतं की त्या १७ जणांना तो भाग मी शिकवलेला नाही. मला काळजी होती ती उरलेल्या नऊ जणांची, कारण अख्खा वर्ग पुढे असला की शिकवणारी व्यक्ती नकळत वेग वाढवते आणि मागे राहिलेल्या मुलाला वाटायला लागतं की आपणच मठ्ठ आहोत. त्यातल्या एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात उत्तरं आधी लिहून मग खोडून ठेवलेली असायची, मी शेजारी गेले की हाताने झाकायची. तिच्या आईवडिलांनी त्या शाळेसाठीच घर घेतलं होतं.

याचा अर्थ शाळेने काही फरकच पडत नाही असा घेऊ नका, शाळेने खूप फरक पडतो, फक्त तो बघायची जागा वेगळी आहे. टेक्सासचं सोपं आहे. राज्याच्या टीएक्सस्कूल्स साइटवर दोन्ही शाळांची नावं टाका, ए ते एफ ग्रेड दिसेल, तिथे न थांबता आत जा. आत तीन भाग असतात आणि एकूण ग्रेड काढताना पहिल्या दोन भागांतला जो चांगला असेल तोच धरतात, म्हणून वरवरच्या ग्रेडने फसायला होतं. तुम्ही 'स्कूल प्रोग्रेस' हा भाग उघडा. त्यात एक आकडा मुलांची मागच्या वर्षापेक्षा किती प्रगती झाली याचा असतो आणि दुसरा, तितक्याच प्रमाणात गरीब मुलं असलेल्या इतर शाळांच्या तुलनेत ही शाळा कुठे आहे याचा. ६ वाली शाळा इथे ९ वालीच्या बरोबरीने किंवा पुढे दिसली तर ती शाळा कष्ट घेतेय असं समजा. आणि एकाच वर्षाचं बघू नका, दोन-तीन वर्षांचं बघा, छोट्या शाळेत एक बॅच कच्ची निघाली तरी आकडा हलतो.

त्यानंतर टॅपर नावाचा राज्याचा रिपोर्ट आहे, प्रत्येक शाळेचा वेगळा, बघायला किचकट आहे पण पंधरा मिनिटं द्या. मी त्यात दोन गोष्टी बघते. शिक्षकांचा अनुभव, म्हणजे पहिल्याच वर्षाचे किती आणि दहा वर्षांच्या वरचे किती, आणि वर्षाच्या मध्ये शाळा सोडणारी-येणारी मुलं किती टक्के. नवे शिक्षक वाईट नसतात, मीही कधीतरी नवी होतेच, पण अर्धा स्टाफ दर दोन वर्षांनी बदलत असेल तर तिथे काहीतरी बिनसलंय. जिथे लोक टिकतात तिथे बहुतेक वेळा प्रिन्सिपल चांगला असतो.

अजून एक, तुमचा एजंट शाळेबद्दल सरळ बोलत नाही अशी तुमची तक्रार आहे ना, तर तो टाळाटाळ करत नाहीये. १९६८ च्या फेअर हाऊसिंग कायद्याखाली वंश, धर्म वगैरे बघून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवायला बंदी आहे आणि "इथली शाळा चांगली, तिथली नको" हे बोलणं त्याच्या फार जवळ जातं, म्हणून बरेच एजंट तुम्हाला वेबसाइट दाखवून गप्प बसतात. त्याला त्याबद्दल दोष देऊ नका, हे काम आपलंच आहे.

आता बाउंड्री, म्हणजे कोणत्या घरातली मुलं कोणत्या शाळेत जाणार याची हद्द किंवा झोन. इथे मी जरा जोरात बोलणार आहे कारण यात लोक खरोखर पोळलेत. घर एका शाळेच्या झोनमध्ये आहे याचा अर्थ ते कायम तिथेच राहील असा नाही. झोन ठरवतो डिस्ट्रिक्टचा निवडून आलेला बोर्ड, आणि तो बदलू शकतो, बदलतोच. उत्तर डॅलसमध्ये दोन्ही बाजूंनी हे चाललंय. नवीन वस्ती वाढते तिथे नव्या शाळा उघडतात आणि जुन्या झोनचे तुकडे होतात, आणि जिथे वस्ती जुनी झाली, घरं महाग झाली, तिथे लहान मुलंच कमी झालीयत म्हणून शाळा बंद होतायत. प्लेनो आयएसडीच्या बोर्डाने २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचा निर्णय घेतला, आणि प्लेनो म्हणजे काही पडेल डिस्ट्रिक्ट नाही, वर्षानुवर्षं लोक नाव बघून तिथे घर घेत आलेत. लुइसव्हिलनेही त्याच वर्षी काही प्राथमिक शाळा बंद करायचं ठरवलं. तर तुमच्या दुसऱ्या घराबद्दल पहिला प्रश्न ६ चा नाहीच, पहिला प्रश्न असा की ही शाळा पाच वर्षांनी उघडी असेल का, मुलं किती आहेत आणि इमारत किती मुलांची आहे. हे डिस्ट्रिक्टला फोन करून विचारता येतं, आम्ही सांगतो, लपवायचं काही नसतं. बोर्डाच्या मीटिंगचे मागच्या वर्षभराचे अजेंडे वाचा, त्यात 'बाउंड्री' किंवा 'फॅसिलिटी' असा शब्द वारंवार येत असेल तर लक्ष ठेवा.

आणि पत्त्यावर विश्वास ठेवू नका! पोस्टाचं गाव आणि शाळेचा डिस्ट्रिक्ट यांचा काही संबंध नसतो. प्लेनो शहराचा काही भाग फ्रिस्को आयएसडीत आहे, फ्रिस्को शहराचा काही भाग लुइसव्हिल आयएसडीत. आमच्याकडे एक जोडपं क्लोझिंग, म्हणजे घराचे कागद, झाल्यावर तिसऱ्या दिवशी आलं, हातात किल्ल्या, सोबत आजीआजोबा, आणि मला स्क्रीन फिरवून दाखवावं लागलं की तुमचा रस्ता आमच्यात आहे पण रस्त्याच्या तुमच्या बाजूची घरं आमच्यात नाहीत. लिस्टिंगवर, म्हणजे घराच्या जाहिरातीत, शाळेचं नाव होतं. लिस्टिंगच्या तळाशी खरेदीदाराने खात्री करून घ्यावी अशी बारीक ओळही होती. म्हणून ऑफर द्यायच्या आधी डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या साइटवर पूर्ण पत्ता टाकायचा, मग फोन करायचा, आणि जमलं तर उत्तर ईमेलने मागून घ्यायचं.

लेकीबद्दल बोलू. ती इकडे पाचवीत जाईल, म्हणजे ज्या प्राथमिक शाळेच्या रेटिंगसाठी तुम्ही १ लाख १० हजार जास्त द्यायला निघालाय तिथे ती जेमतेम एक वर्ष असणार. तिच्यासाठी मिडल आणि हायस्कूल बघा, प्राथमिक फक्त धाकट्यासाठी. आणि गणितात पुढे जाईल का या काळजीचं म्हणाल तर टेक्सासमध्ये २०२३ मध्ये एक कायदा झालाय, पाचवीच्या गणिताच्या परीक्षेत जी मुलं वरच्या ४० टक्क्यांत येतात त्यांना सहावीत आपोआप ॲडव्हान्स्ड गणितात टाकायचं, पालकांना नको असेल तर त्यांनी नाही म्हणायचं. आधी बऱ्याच ठिकाणी शिक्षकाची शिफारस लागायची किंवा पालकाने मागे लागायला लागायचं, आणि मागे कोण लागतं तर ज्यांना सिस्टिम माहीत आहे ते. आता ६ वाल्या शाळेतून आलेल्या तुमच्या मुलीलाही तीच वाट उघडी आहे.

कॉलेजचं गणित तर मी म्हणेन आपल्या लोकांनी नीट समजून घ्यायलाच हवं. यूटी ऑस्टिनला आपोआप प्रवेश मिळतो तो हायस्कूलमधल्या रँकवर, आणि २०२६ पासून ती रेषा वरचे ५ टक्के अशी झालीये, आधी ६ होती. राज्यातल्या इतर बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिटींना १९९७ च्या कायद्याप्रमाणे वरचे १० टक्के. हे टक्के तुमच्या मुलीच्या स्वतःच्या शाळेतले, राज्यातले नाहीत. ज्या हायस्कूलमध्ये प्रत्येक दुसरं मूल क्लास लावून डझनभर एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, घेतंय तिथे वरच्या ५ टक्क्यांत यायला काय लागतं ते मी बघितलंय, अकरावीतली मुलं आवडीचा ऑर्केस्ट्रा सोडतात कारण त्या विषयाने जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, खाली येतो. ऑर्केस्ट्रा सोडायचा म्हणून ऑफिसबाहेरच्या बाकावर व्हायोलिनची केस मांडीवर घेऊन सही घ्यायला बसलेलं पोर मला अजून दिसतं. तेच मूल मध्यम रेटिंगच्या हायस्कूलमध्ये बहुतेक आरामात वर आलं असतं आणि वाजवतही राहिलं असतं. नियम पुढेमागे बदलतील, तुमची लेक हायस्कूलला जाईपर्यंत वेळ आहे, पण '१० वाली शाळा म्हणजे चांगलं कॉलेज' हे समीकरण टेक्सासमध्ये सरळ नाही एवढं डोक्यात ठेवा.

हायस्कूलचा आकार हाही मुद्दा आहे जो रेटिंगमध्ये कुठेच दिसत नाही. फ्रिस्कोने मुद्दाम हायस्कूलं लहान ठेवलीयत, साधारण दोन हजारांच्या आसपास मुलं, आणि म्हणून त्यांची संख्या जास्त. शेजारच्या ॲलनमध्ये एकच अवाढव्य हायस्कूल आहे, पाच हजारांच्या वर. लाजाळू मुलाला, टीममध्ये खेळायला मिळावं असं वाटणाऱ्या मुलाला लहान शाळेत जागा मिळते, आणि ज्याला रोबोटिक्सपासून मार्चिंग बँडपर्यंत सगळं एका छताखाली हवंय त्याला मोठी आवडते. तुमच्या लेकीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मला नाही.

पैशाचं आता. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये मॅसेच्युसेट्समधली झोनच्या रेषेच्या अलीकडची-पलीकडची सारखीच घरं तपासली, तर परीक्षेचे मार्क ५ टक्क्यांनी जास्त असले की लोक घराला साधारण अडीच टक्के जास्त मोजत होते. म्हणजे किंमत मार्कांना लागते, शिकवण्याला नाही, हे तुमच्या १ लाख १० हजारांना लावून बघा. तेवढं कर्ज साडेसहा टक्क्यांनी ३० वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला ७०० च्या आसपास हप्ता, वर टेक्सासचा प्रॉपर्टी टॅक्स २ टक्क्यांच्या आसपास धरला तर आणखी १८०. नव्या वस्तीत मड किंवा पिडचा, म्हणजे त्या वस्तीच्या पाणी-रस्त्यांसारख्या सोयींसाठीचा, जादा कर असेल तर तो वेगळा, तो घराच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात कधीच नसतो, विचारून घ्या. आणि ड्राइव्हचा फरक रोजचा एक तास. मिस्टर सात वाजता दमून घरात येणार की साडेसहाला येऊन मुलीच्या शेजारी गृहपाठाला बसणार, हा प्रश्न मी शाळेच्या प्रश्नाइतकाच मोठा धरते, कारण गणितात अडलेल्या मुलाशेजारी रोज कोणीतरी बसणं याला तोड मी २१ वर्षांत बघितलेली नाही.

मग ६ वालं घर घ्या असं सांगतेय का? आत्ता नाही. आधी दोन्ही शाळा डोळ्यांनी बघा. मे महिन्यात घरं बघायला येणार आहात तेव्हा आठवड्याच्या मधला दिवस पकडा, ऑफिसला फोन करून टूर मागा, देतात. कॉरिडॉरमध्ये भिंतीवर मुलांचं काम लावलेलं असतं ते उभं राहून वाचा. २२ कागद आणि बावीसही सारखेच, तेच ढग त्याच रंगात, की प्रत्येकात काहीतरी वेगळं लिहिलंय, चुकलंय, शिक्षकाने काहीतरी उत्तर दिलंय? यातून मला जेवढं कळतं तेवढं कुठल्याच आकड्यातून कळत नाही. प्रिन्सिपलला विचारा की तिसरी-चौथीचे किती शिक्षक तीन वर्षांपूर्वी इथेच होते. विचारा की एखाद्या मुलाला हा धडा आधीच येत असेल तर त्या तासाला ते काय करतं, आणि एखाद्याला वाचायला जमत नसेल तर आठवड्यातून किती वेळा, कोण, कुठे बसून शिकवतं. "आम्ही प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार" असं गोल गोल उत्तर आलं तर पुढे विचारा. चांगल्या शाळेतला प्रिन्सिपल तुम्हाला शिक्षिकेचं नाव, खोली आणि वार सांगतो. आणि शाळा सुटायच्या वेळी बाहेर गाडीत दहा मिनिटं थांबून बघा, मुलं मोठ्या माणसांशी कशी बोलतायत, मोठी माणसं मुलांशी कशी.

माझा कल विचाराल तर, लुइसव्हिलची शाळा बंद व्हायच्या यादीत नसेल, प्रोग्रेसचा आकडा फ्रिस्कोवालीच्या जवळ असेल आणि तिथून पुढचं मिडल स्कूल तुम्हाला पटलं, तर मी माझ्या भाचीला तेच घर घे म्हणून सांगेन. प्रोग्रेस कच्चा असेल, शिक्षक टिकत नसतील, तर तिथे पैसे वाचवू नका, आणि मग फ्रिस्कोतच लहान घर किंवा एक वर्ष भाड्याने राहून बघणं हा पर्याय ठेवा. भाड्याने राहिलं तरी शाळेचा हक्क पूर्ण असतो, लीज आणि लाइटचं बिल आमच्या काउंटरवर चालतं, घरमालकाची मुलं आणि भाडेकरूची मुलं असा भेद नाही.

राहिला धाकटा, आणि त्याचं तुम्ही प्रश्नात एका ओळीत लिहिलंय पण मला तेच आधी दिसलं. न्यू जर्सीत डिस्ट्रिक्टप्रमाणे तारीख वेगळी, बऱ्याच ठिकाणी १ ऑक्टोबर, म्हणून तुम्ही गृहीत धरलंय की तो या वर्षी किंडरगार्टनला जाणार. टेक्सासमध्ये १ सप्टेंबरला पाच पूर्ण लागतात. तो ११ दिवसांनी चुकतोय, दोन्ही घरांत, रेटिंग काहीही असो. म्हणजे एक वर्ष डेकेअरचा खर्च बजेटमध्ये धरा, किंवा सरकारी प्री-के, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग, बघा, ते सगळ्यांना नसतं पण ज्या मुलाला अजून इंग्रजी नीट बोलता-समजता येत नाही त्याला फुकट मिळू शकतं, आणि तुम्ही म्हणालात तो घरी आजीसोबत मराठीतच वाढलाय.

त्यासाठी एक कागद खरा भरा. टेक्सासच्या शाळेत पहिल्यांदा नाव घालताना घरातल्या भाषेचा फॉर्म असतो, घरी जास्त वेळ कोणती भाषा बोलता, मूल कोणती बोलतं. आपले पालक घाबरून तिथे इंग्लिश लिहितात, ईएसएलचा, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या वर्गाचा, शिक्का बसेल म्हणून. एका आईने माझ्यासमोर निळ्या पेनाने मराठी लिहिलं, मग दोनदा खोडून इंग्लिश केलं, आणि तिचा मुलगा तिच्या कुर्त्याला ओढत "आई, घरी कधी जायचं" विचारत होता. मी तिला नवा फॉर्म दिला. मराठी लिहिलं की शाळा मुलाची इंग्रजी तपासते, येत असेल तर विषय संपला, येत नसेल तर मदत देऊ करते, आणि ती मदत घ्यायची की नाही यावर तुमची सही लागते. मुलगी इंग्रजीत शिकलीय, तिची तपासणी झटक्यात होईल, पण न्यू जर्सीत तिचा असाच फॉर्म भरलेला असेल तर त्याची कॉपी, तिचे राज्य परीक्षेचे निकाल आणि दोघांची लसीकरणाची कागदपत्रं तिकडच्या शाळेतून आणि डॉक्टरकडून जूनमध्ये सुट्टी लागायच्या आत मागून घ्या, जुलैमध्ये तिकडची ऑफिसं फोन उचलत नाहीत आणि इकडे आमच्या काउंटरवर रांग लागलेली असते.